एकच दूरदर्शन होतं तेव्हा दिवसभर टीव्हीवर काय लागायचं?

दिवसभर काहीच लागायचं नाही! तुम्ही विचारलंय की एकाच चॅनलवर चोवीस तास भरायला इतके कार्यक्रम आणायचे कुठून. भरायचेच नाहीत. संध्याकाळी टीव्ही सुरू व्हायचा आणि रात्री निवेदिकेने निरोप घेतला की पडद्यावर मुंग्या.

मी पुण्याचा. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून त्याचं सहक्षेपण पुण्यात दिसायला लागलं, त्यामुळे मी सांगतोय तो दिवस मुंबई केंद्राचा. रोजचं सकाळचं प्रक्षेपण आलं १९८७ मध्ये, दुपारचं त्याच्याही नंतर. त्याआधी भरदुपारी टीव्ही लावायचा म्हणजे क्रिकेटची कसोटी, शाळांसाठीचे पाठ, नाहीतर १९८४ पासून यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) शैक्षणिक कार्यक्रम. ते कॉलेजच्या मुलांसाठी होते, पण आमच्याकडे बघायचे निवृत्त आजोबा.

आता नेहमीची संध्याकाळ. आधी उभ्या पट्ट्या आणि एकसुरी शिट्टी. मग गोल गोल फिरत जुळून येणारं ते बोधचिन्ह आणि पंडित रविशंकर व उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची धून. निवेदिका यायची, नमस्कार करून आजचे कार्यक्रम वाचून दाखवायची. पुढचा सगळा वेळ माणसांच्या नावाने वाटलेला असायचा. मुलांसाठी ‘किलबिल’, शेतकऱ्यांसाठी ‘आमची माती आमची माणसं’, कामगारांसाठी ‘कामगार विश्व’, तरुणांसाठी ‘युवदर्शन’, गृहिणींसाठी ‘सुंदर माझं घर’. मुंबईत गुजराती वस्ती मोठी, म्हणून गुजराती कार्यक्रमही असत, त्यातलं मुलांचं ‘संताकूकडी’ आम्ही एक अक्षर न कळता बघायचो. कुणाचा वार कोणता हे घरात सगळ्यांना पाठ.

या वाटणीमुळेच तो टीव्ही आजच्यापेक्षा वेगळा होता, असं माझं मत. आपला अर्धा तास येईपर्यंत दुसऱ्याचा अर्धा तास बघत बसावं लागायचं. नावावर एक गुंठा जमीन नसलेल्या आमच्या वाड्यातली पोरं कपाशीवरच्या बोंडअळीबद्दल अधिकारवाणीने बोलायची. स्टुडिओत कृषितज्ज्ञ समोरच्या टेबलावर रोगट फांदी ठेवून बसलेले, एकेक पान उलटं करून दाखवताहेत, मुलाखतकार ‘म्हणजे फवारणी नेमकी कधी करायची?’ असं दोनदा विचारतोय, आणि समोर सतरंजीवर आम्ही दहा-बाराजण गप्प. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण उठून गेलं तर पुढची जागा जायची.

मग मराठी बातम्या. भक्ती बर्वे, स्मिता पाटील, प्रदीप भिडे ही मंडळी तिथूनच घराघरांत पोचली. त्यानंतरचा वेळ खरा मोलाचा: प्रहसनांचा ‘गजरा’, साहित्यिक-कलावंतांच्या मुलाखतींचा ‘प्रतिभा आणि प्रतिमा’, ‘ज्ञानदीप’, गुरुवारी हिंदी चित्रपटगीतांचं ‘छायागीत’. ‘चिमणराव’ ही विनोदी मालिका लागली की रस्ता ओस पडायचा. येत्या आठवड्यात काय आहे ते ‘साप्ताहिकी’त सांगायचे, आणि आमच्या आत्या ते कागद-पेन्सिल घेऊन उतरवून घ्यायच्या.

१९८२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम आला, रंग आले आणि रात्रीचा ताबा दिल्लीकडे गेला. आठ चाळीसला हिंदी समाचार, मग हिंदी मालिका, मग इंग्रजी बातम्या. ‘हम लोग’ (१९८४) या वेळेतलंच. अनेकजण विसरतात ती गोष्ट अशी, की तेव्हा महाराष्ट्रात सगळ्यांना हा एकच दिवस दिसत नव्हता. इन्सॅट-१बी उपग्रहाच्या भरवशावर १९८४ च्या सुमारास गावोगावी लघुशक्ती प्रक्षेपक (आसपासच्या भागापुरतं चित्र पोचवणारे छोटे मनोरे) भराभर उभे राहिले, पण त्यांतले बरेचसे थेट दिल्लीचं उचलायचे. मुंबई-पुण्यात ‘गजरा’ चालू असताना जिल्ह्याच्या गावी दिल्लीचा हिंदी कार्यक्रम. लातूरकडच्या माझ्या मावसभावाशी मराठी कार्यक्रमांबद्दल बोलायची सोयच नव्हती.

वेळापत्रक ठरायचं ते आधी आखलेल्या तक्त्यावरून: अमुक वारी अमुक वेळी अमुक प्रकार. प्रत्यक्षात मात्र कार्यक्रम दोन-चार मिनिटं आधी संपायचा, आणि ती फट बुजवायला ‘फिलर’. माशांचं टाकं, फुलं, एखादा छोटा अनुबोधपट. पुढे १९८८ पासून ‘मिले सुर मेरा तुम्हारा’. शब्द कानावर पडून पडून पाठ व्हायचे. तांत्रिक गडबड झाली तर ‘व्यत्यय’ अशी पाटी, आणि ती दिसली की घरातला एकजण सवयीने गच्चीवर अँटेना हलवायला पळायचा. दोष तिकडे वरळीला, मुंबई केंद्रातच असला तरी!

रविवारची सकाळ मागाहून सोन्याची झाली. जानेवारी १९८७ पासून ‘रामायण’, १९८८ च्या ऑक्टोबरपासून ‘महाभारत’. दुपारी कर्णबधिरांसाठी खुणांच्या बातम्या आणि पाठोपाठ कुठल्या ना कुठल्या भारतीय भाषेतला चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं. मल्याळी, बंगाली, आसामी सिनेमा मी पहिल्यांदा तिथेच पाहिला. संध्याकाळी हिंदी सिनेमा, मध्येच तोडून बातम्या.

आजची सह्याद्री वाहिनी याच केंद्राची. शेती आहे, ‘हॅलो सह्याद्री’ आहे, संगीत आहे, जुन्या संग्रहातलं पुनःप्रसारणही आहे. पण तिचा दिवस चोवीस तासांचा, त्यामुळे एकच कार्यक्रम पुन्हा दाखवणं आलंच.

तुम्हाला एखाद्या ठरावीक तारखेचा कार्यक्रम हवा असेल तर मोठ्या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली मागा. ‘आजचे दूरदर्शन’ अशा धर्तीचा चौकोनी मजकूर रोज छापलेला सापडेल. मात्र छापलेलं सगळंच लागलं असं धरू नका. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या झाली आणि पुढचे दिवस नेहमीचे कार्यक्रम बाजूला पडले. पडद्यावर तीन मूर्ती भवन आणि अंत्यदर्शनाची रांग. त्या आठवड्यासाठी आधी जाहीर झालेलं वेळापत्रक तुमच्या हाती लागलं, तर ते तारखा तपासूनच वापरा.