जुन्या हत्यारांची पेटी उघडताना

नाशिक

अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो नीट पाहिले. भांडी बाजारातल्या त्या बंद दुकानातली पेटी तुझ्या हाती आली हे फार चांगलं झालं, नाहीतर किलोवर भंगारात गेली असती. धातूवर कोरायच्या कोरण्या, स्टेकिंग सेट (घड्याळाचे भाग पंचानं ठोकून बसवायचा संच) आणि धनुकलीवर चालणारा तो छोटा टर्न्स (घड्याळाचे बारीक भाग कातायचं हत्यार), एवढं एका जागी आता सहसा मिळत नाही. म्हणूनच सांगतो, लगेच पॉलिश पेपर घेऊन बसू नकोस. ही हत्यारं पुन्हा कामाला लावायची आहेत. चकचकीत करायच्या नादात त्यांचं कामच जातं, असं मी फार ठिकाणी पाहिलं आहे.

आधी गाळाचं बघ. २०१९ च्या पुरात गोदेचं पाणी सराफ बाजार, भांडी बाजारात शिरलं होतं. पेटीच्या तळाशी दिसणारा तपकिरी थर बहुधा त्याच पाण्याचा. त्यात बारीक वाळू असते. कोरडं फडकं फिरवलंस तर तीच वाळू पोलादावर ओरखडे काढील. प्रत्येक नग रॉकेलमध्ये मऊ ब्रशनं धू, रात्रभर बुडवून ठेव, मग पूस. तरीही गंज राहिला तर शिलाई मशीनचं तेल आणि सगळ्यात बारीक स्टील वूल, बस. अ‍ॅसिडला हात लावू नकोस. ते गंजाबरोबर चांगलं पोलादही खातं आणि कडक पोलाद ठिसूळ करतं. काळपट डाग राहिले तर राहू देत, कापण्याच्या आड येत नाहीत. बफ, म्हणजे पॉलिशचं फिरतं कापडी चाक, तर मुळीच नको, त्यानं कडा गोल होतात.

खरा वेळ कोरण्यांना दे. जुन्या कोरण्या साध्या कार्बन पोलादाच्या असतात. ग्राइंडरवर धरलीस आणि टोकाला निळा रंग चढला की त्या टोकाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. पोलाद निळं पडतं ते साधारण ३०० अंश सेल्सियसला. कोरणीला फिकट पिवळ्यापर्यंतच, म्हणजे २२०-२३० अंशांपर्यंतच उतरवलेलं पाणी लागतं. म्हणून दगडावर हातानंच घास. आधी इंडिया दगड, शेवटी बारीक अर्कान्सास दगड. तोंड ४५ अंशांवर ठेव. कठीण पोलादावर कोरायचं असेल तर ५०-५५. टाचेला, म्हणजे टोकाच्या खालच्या छोट्या पैलूला, १५-२० अंशांचा उतार दे. तिच्या दोन्ही बाजू अगदी सारख्या हव्यात, नाहीतर ओळ एकीकडे ओढली जाते. टाचेच्या पॉलिशमध्ये कंजुषी नको. चांदीवर कोरलेली ओळ झळकते ती त्या पॉलिशमुळेच.

धार बघायची ती अंगठ्याच्या नखावर. टोक तिरकं टेकव आणि जोर न लावता पुढे सरकव. रुतलं तर धार आहे. घसरलं तर परत दगडावर. भिंगाखाली टोकावर प्रकाशाचा ठिपका दिसला तरीही परत दगडावरच. तीक्ष्ण टोकावर प्रकाश परतायला जागाच नसते.

एका कोरणीची मूठ खालून सपाट आहे, ती तुटलेली समजून बदलू नकोस. कोरणी पत्र्यालगत आडवी धरता यावी म्हणून मूठ तशी तासतात. मूठ तळहातात बसली की टोक अंगठ्याच्या पुढे दोनेक सेंटीमीटर यायला हवं. पातं आखूड पडलं तर मूठ बदल. व्हार्निश मात्र लावू नकोस, हात घसरतो.

कोरलेली ओळ वाचायला शिकायचं असेल तर पाचशेच्या नोटेवर बोट फिरव. गांधीजींचं चित्र बोटाला उठावदार लागतं, कारण शाई पत्र्यात कोरलेल्या खोल रेघांतून कागदावर येते. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा छापतात, त्यामुळे हे तंत्र आपल्या शेजारचंच. भिंगातून बघ: रेघ जाड होते तिथे खोली जास्त, बारीक होते तिथे कमी. तुझ्या हाताला नेमकं हेच शिकायचं आहे. सरावाला तांब्याचा पत्रा घे, वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेव, आणि वळण घेताना हात फिरवण्याऐवजी पत्रा फिरव.

लेथ असताना टर्न्स कशाला, असं तू विचारलंस. लेथचा स्पिंडल किंवा काम पकडणारं कोलेट जरासं जरी वाकडं फिरलं तरी ते वाकडेपण कामात उतरतं. टर्न्समध्ये दोन्ही टोकं स्थिर असतात आणि काम त्यांच्यामध्ये फिरतं, त्यामुळे ते काढून परत लावलं तरी केंद्र तेच राहतं. मनगटी घड्याळाच्या बॅलन्स चाकाचा पिव्होट, म्हणजे त्याच्या दांड्याचं बारीक टोक, सुमारे ०.१ मिलिमीटर असतो, तिथे याची किंमत कळते. धनुकली खाली ओढताना काम तुझ्याकडे फिरतं, तेव्हाच कापायचं. वर जाताना कोरणी किंचित मागे घ्यायची. ही लय हातात बसेपर्यंत पितळेवर काम कर, मग निळ्या पोलादाची तार घे. धनुकलीची काठी मोडली आहे, तर बांबूची कामटी तासून कर, चांगली चालते. तिला घोड्याचा केस लाव.

पेटीतलं जुनं फेल्ट काढून टाक, पावसाळ्यात ते ओल धरून ठेवतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि नगांवर तेलाचा हलका हात असू दे.

स्टेकिंग सेटला मात्र एवढ्यात हात लावू नकोस. पंचांची तोंडं आणि भोकांची रांग मला आधी बघायची आहे. रविवारी दुपारी पेटी घेऊन ये, येताना तांब्याचा एक मिलिमीटरचा पत्राही आण.

तुझा,
काका