कोरे पान आणि थबकलेला हात

प्रश्न : मी रोज चित्रवही उघडते, पण हात थबकतो आणि शेवटी इतरांच्या पानांची नक्कलच होते. माझी स्वतःची शैली मला कशी सापडेल?

उत्तर : रवींद्रनाथ टागोर हस्तलिखितात खोडलेले शब्द रेघांनी जोडत आणि त्यांतून पक्षी, चेहरे, अनोळखी प्राणी उमटत, त्याच वाटेने साठीनंतर ते चित्रांकडे वळले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले. त्या खाडाखोडीला आधी ठरवलेला विषय नव्हता, हे मला फार मोलाचे वाटते. आपणही विषय न ठरवता पांढऱ्या मेणखडूने कागदावर हात मोकळा फिरवावा आणि वरून पातळ जलरंग द्यावा. मेणावर पाणी ठरत नसल्याने, काढताना न दिसलेली रेघ रंगातून हळूहळू वर येते. त्या क्षणी जो शब्द सुचेल, तो तिथेच लिहावा. (पान फाडू मात्र नये, नावडते तर मुळीच नाही.) प्रत्येक पानावर तारीख घालून महिनाभराने सगळी पाने एकत्र पाहिलीत, तर एखादे वळण किंवा एखादा रंग नकळत पुन्हा पुन्हा आलेला दिसेल, पुढचे पान तिथूनच सुरू करावे.