ऑफिसात कळलं तर घरी बसवतील का?

नोकरदार माणसं माझ्याकडे सल्ला घ्यायला येतात तेव्हा एकच भीती वेगवेगळ्या शब्दांत सांगतात. "कानाला यंत्र लावलं तर साहेबांच्या लक्षात येईल ना, मॅडम?" "एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजाराचं निदान झालंय, पण ऑफिसात मणक्याचं दुखणं आहे म्हणून सांगितलंय." "अपंगत्वाचा दाखला काढला की नोंद होणार आणि नोंद झाली की घरी बसवणार." नोकरीला लागताना धडधाकट असलेल्या माणसाला मधेच अपंगत्व आलं, तर त्याने ते सांगावं की झाकावं? एका कुटुंबाचा अनुभव सांगते, त्यात बरंचसं उत्तर आहे. त्यांच्या संमतीने लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यांना आपण भाऊसाहेब म्हणू.

आधी आल्या त्या वहिनी, आणि तक्रार नवऱ्याच्या स्वभावाची होती. घरात सारखी चिडचिड, नातेवाइकांकडे जाणं-येणं बंद, संध्याकाळचं लग्न असलं की आहेर बायकोच्या हाती पाठवायचा, लेकीच्या गॅदरिंगलाही आले नाहीत. पूर्वी रविवारी संध्याकाळी दोघं गोदाघाटावर जायचे, तेही सुटलं. ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की यातली प्रत्येक गोष्ट दिवस मावळल्यानंतरची आहे. मी एवढंच विचारलं, "दुपारच्या लग्नाला येतात का?" त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "येतात, पण माझा हात सोडत नाहीत." आणि इतके दिवस धरून ठेवलेलं रडू फुटलं.

भाऊसाहेब ४५ वर्षांचे, एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक. आजाराचं नाव रेटिनायटिस पिग्मेंटोसा. डॉक्टर नुसतं 'आरपी' म्हणतात. डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशी हळूहळू निकामी होत जातात. बहुतेकांना आधी रातांधळेपणा येतो, मग बाजूचं दिसेनासं होतं आणि मधलं तेवढं उरतं, नळीतून बघावं तसं. हे मधलं कित्येकांचं वर्षानुवर्षं शाबूत राहतं. म्हणून असा माणूस पेपर वाचतो, मोबाइल बघतो, फाइलवर सही करतो आणि दारातल्या बादलीला धडकतो. बघणाऱ्याला वाटतं याचं लक्ष नाही, किंवा घमेंड आहे, किंवा सरळ 'घेऊन आलाय'.

भाऊसाहेबांनी हे बरीच वर्षं झाकलं होतं. सगळ्यांच्या आधी ऑफिसात पोचायचं, म्हणजे व्हरांड्यात गर्दी नसते. जिन्याच्या पायऱ्या पाठ. मीटिंगला भिंतीकडची खुर्ची. कपाटाचं दार कुणी उघडं टाकलं तर एकदा सगळ्यांसमोर ओरडायचं, म्हणजे पुढे कुणी टाकत नाही. आणि ऑफिस सुटलं की उजेडात घर गाठायचं. हे गणित २०२० मध्ये बिघडलं. फेब्रुवारीअखेर राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला आणि सुटण्याची वेळ सव्वासहावर गेली. बाकीच्यांना शनिवार मोकळा मिळाला. भाऊसाहेबांच्या वाट्याला मात्र हिवाळ्यातली अंधारी परतवाट आली, कारण डिसेंबरात नाशिकला सहाच्या सुमारासच सूर्य मावळतो.

तरी ते स्कूटर चालवत राहिले. एका संध्याकाळी इंदिरानगरच्या बोगद्याजवळ त्यांची गाडी हातगाडीला घासली. कुणाला लागलं नाही. घरी येऊन म्हणाले, "मधेच आला तो." वहिनी माझ्याकडे आल्या त्या यानंतर.

पुढच्या खेपेला भाऊसाहेब सोबत होते. मी आधी गाडीच्या चावीचं काढलं. बाकी सगळं तुमच्या कलाने घेऊ, पण अंधारात गाडी आजपासून बंद. एवढं ठाम मी क्वचित बोलते, पण इथे रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाच्या जिवाचा प्रश्न होता. ते खूप वेळ गप्प होते. मग म्हणाले, "रिक्षाने यायला लागलो तर ऑफिसात विचारतील, गाडी कुठाय?" खरं बोलणं इथून सुरू झालं.

त्यांच्या डोक्यात चित्र पक्कं होतं. कळवलं की मेडिकल बोर्डापुढे उभं करणार, अनफिट ठरवणार आणि पेन्शनचे कागद हातात ठेवणार. मुलगी बारावीत, घराचे हप्ते चालू. गावाकडच्या थोरल्या भावाने बजावलं होतं, "रिटायर होईस्तोवर तोंड उघडू नको." रिटायर व्हायला तेरा वर्षं होती. म्हणजे तेरा वर्षं नजर आकसत जाणार, आणि ते कुणालाही कळू द्यायचं नाही!

कारकुनी केलेल्या माणसाला नुसत्या धीराच्या शब्दांनी भागत नाही, त्याला कागद लागतो. मी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम २० छापून त्यांच्यापुढे ठेवलं. ओळीखाली बोट धरून ते एकेक शब्द वाचत गेले. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि खालच्या पदावर आणायचं नाही. आहे त्या पदाचं काम जमत नसेल तर तीच वेतनश्रेणी आणि तेच सेवालाभ राखून दुसऱ्या पदावर घ्यायचं. तसं पदच नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे खास जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवता येतं. केवळ अपंगत्वामुळे बढती नाकारायची नाही, हेही त्याच कलमात. ते वाचून झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"कायद्यात असतं हो सगळं," ते म्हणाले. शंका रास्त होती. मी त्यांना कुणाल सिंग यांच्या खटल्याबद्दल सांगितलं. स्पेशल सर्व्हिस ब्यूरोतल्या या कॉन्स्टेबलचा पाय कापावा लागला आणि त्यांना सेवेतून मोकळं करण्यात आलं. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या जुन्या कायद्यातल्या कलम ४७ च्या आधारे निकाल त्यांच्या बाजूने दिला. म्हणजे हे संरक्षण आजकालचं नाही. पण ते मागायला अपंगत्व कागदावर असावं लागतं. भाऊसाहेबांना आधीच एक मेमो मिळाला होता. रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यातली रक्कम नजरेच्या टप्प्याबाहेर राहिली आणि बेरीज चुकली, म्हणून. मेमोत शब्द होता 'निष्काळजीपणा'. त्यांनी खुलाशात चूक मान्य करून माफी मागितली होती. डोळ्यांचं नाव काढलं नव्हतं. झाकत राहिलं की नोकरी अशीच एकेका शेऱ्याने पोखरली जाते, आणि त्या वेळी कुठलंही कलम मदतीला येत नाही. ही गोष्ट त्यांना पटली.

आता अडचण दाखल्याची. बोगस दाखल्यांची प्रकरणं गाजल्यापासून खऱ्या माणसांनाही लाज वाटायला लागली आहे. भाऊसाहेब म्हणाले, "भिंतीवरचा तक्ता मी जवळजवळ शेवटपर्यंत वाचतो. मला कोण दाखला देईल? उलट लबाड म्हणतील." हा गैरसमज फार पसरलेला आहे, म्हणून सविस्तर सांगते. कायद्याने दृष्टी दोन बाजूंनी मोजली जाते. एक, तक्त्यावरची अक्षरं किती लांबून वाचता येतात. दुसरी, समोर बघताना आजूबाजूचं किती दिसतं, म्हणजे दृष्टिक्षेत्र. दोन्ही डोळ्यांनी मिळून आपल्याला आडवं साधारण १८० अंश दिसतं. हे क्षेत्र ४० अंशांच्या खाली आलं तर कायदा त्याला अल्पदृष्टी म्हणतो आणि १० अंशांच्या खाली गेलं तर अंधत्व, मग तक्ता कितीही वाचता येवो. दाखल्यासाठी २०२१ पासून यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवरच अर्ज करावा लागतो, नंतर नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी होते. आरपी असलेल्याने तिथे जाताना दृष्टिक्षेत्राच्या चाचणीचा, म्हणजे पेरिमेट्रीचा अहवाल बरोबर न्यावा.

ही चाचणी करून आल्यावर भाऊसाहेब जे म्हणाले ते माझ्या वहीत आहे. मधल्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि आजूबाजूला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. "बराच वेळ काहीच दिसेना. मला वाटलं, मशीन बंद पडलंय. मी त्या मुलीला विचारलं, सुरू कधी करणार? ती म्हणाली, काका, संपत आलंय."

त्या आठवड्यात आम्ही दाखला, कायदा काहीच काढलं नाही. स्वतःला किती कमी दिसतं ते त्या माणसाला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं. त्याला सावरायला वेळ द्यायला हवा. फॉर्म भरायची घाई करणाऱ्या नातेवाइकांना मी नेहमी सांगते, आधी त्याला रडू द्या, चिडू द्या. याच काळात 'खात्रीशीर इलाज' विकणारे घरात शिरतात. आरपीच्या बहुतेक प्रकारांत गेलेली नजर परत आणणारा उपचार आज उपलब्ध नाही, आणि ती आशा विकत घेण्यात घरं धुऊन निघतात.

पुढे दाखला मिळाला. टक्केवारी कायद्याने लागणाऱ्या ४० च्या बरीच वर होती. मग ऑफिसात अर्ज. सहानुभूती मागायची नाही, कामासाठी काय लागतं ते लिहायचं, असं आम्ही ठरवलं. कायदा याला वाजवी सोय म्हणतो. भाऊसाहेबांनी लिहिलं: टेबल असं हवं की माणसं समोरून येतील, व्हरांड्यातली बंद ट्यूब बदलावी, संगणकावर मोठी अक्षरं आणि एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकायला परवानगी, हिवाळ्यात लवकर येऊन लवकर निघण्याची मुभा, अंधार पडल्यावर तपासणीचं काम नको. सोबत दाखला, आणि नोकरीला लागतानाचं फिटनेस सर्टिफिकेट, म्हणजे अपंगत्व सेवेत असतानाच आलं हे कागदाने दिसेल.

सगळं गोड झालं असं नाही. एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले, "पेपर तर वाचता की!" टेबल हललं, ट्यूब लागली, सॉफ्टवेअर टाकलं गेलं. वेळेच्या मागणीवर मात्र कुणी काही लिहून देईना. कलम २३ प्रमाणे प्रत्येक सरकारी आस्थापनेत यासाठी तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो आणि तक्रारीची चौकशी दोन आठवड्यांत व्हायला हवी. तो अधिकारी कोण, असं भाऊसाहेबांनी लेखी विचारल्यावर नेमणुकीचा कागद निघाला. वेळेचं अजून अडलेलंच आहे. तोवर शेजारच्या टेबलावरचे सहकारी त्यांना गाडीवर घरापर्यंत सोडतात.

एक गोष्ट कुठल्याही अर्जात नव्हती. ऑफिसचा शिपाई चहाचा कप बाजूने पुढे करायचा आणि भाऊसाहेब घ्यायचे नाहीत. त्यांना तो हात दिसायचाच नाही. अर्ज दिल्यानंतर त्यांनी त्याला बोलावून सांगितलं, "समोरून देत जा, मला बाजूचं दिसत नाही." तो म्हणाला, "मला वाटायचं, तुम्ही माझ्या हातचं घेत नाही." किती वर्षं तो माणूस हे मनात ठेवून चहा वाटत होता! लपवण्याची झळ फक्त लपवणाऱ्याला लागत नाही, हे मला इतकं उघडं क्वचितच दिसलं आहे.

वहिनींशी मी स्वतंत्र बोलत राहिले. नातेवाइकांना 'यांचं बीपी वाढलंय' असं सांगून त्या थकल्या होत्या. बाहेर पडलं की दोघांसाठी त्यांनीच बघायचं. पायरी आली, खड्डा आला, समोर साडू उभे आहेत, नमस्कार करा. आता भाऊसाहेब पांढरी काठी घेऊन चालायला शिकताहेत. आधी घराजवळ शिकायला तयार नव्हते, म्हणून ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा भागात सुरुवात केली. सिंहस्थाच्या कामांनी शहरभर रस्ते उकरलेले असताना काठी ही चैन नाही.

मुलीच्या लग्नाचं काय, हा प्रश्न वहिनींनी दबक्या आवाजात विचारला. आरपी बहुतांशी आनुवंशिक आहे, पण ती पुढे जाण्याच्या रीती वेगवेगळ्या आहेत आणि धोकाही त्याप्रमाणे बदलतो. म्हणून अंदाज बांधत बसण्यापेक्षा मुलीचे डोळे तपासून घ्या आणि जनुकीय समुपदेशकाला भेटा. ती जाणती होतेय, तिला आधी तुमच्या तोंडून कळू द्या. तिला वडिलांचं केव्हाच कळलं होतं, हे नंतर समजलं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणारे विचारतील, आमचं काय? कलम २० चं संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं आहे, खासगीत ते तितकं भक्कम नाही. तरी अपंगत्वावरून भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे, आणि कलम २१ प्रमाणे खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. २० किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. म्हणून खासगीतल्यांनी क्रम पाळावा: आधी डॉक्टर, मग दाखला, मग आपलं काम कुठल्या बदलाने चालू राहील याचा विचार, आणि त्यानंतर व्यवस्थापनाला लेखी. यंत्रावर किंवा गाडीवर काम असेल तर मात्र धोका वाटला त्याच दिवशी सांगा, दाखल्याची वाट बघू नका. अर्जाची पोच घ्या. दाद लागली नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते, आणि तिथे पहिल्यांदा विचारतात ती हीच पोच.