शनिवारची वाट पाहू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नव्या शहरात नोकरीवर रुजू होऊन तुला जेमतेम काही महिने झाले आणि वसंत दाराशी येऊन ठेपला. कामाच्या रगाड्यात तो अनुभवायचा कसा, असं तू विचारलंस. सगळ्यांत आधी, शनिवारची वाट पाहू नकोस. झाडाचा बहर थंड हवेत आठ-दहा दिवस टिकतो, ऊन एकदम तापलं तर त्याच्या निम्म्या वेळात उरकतो, आणि ऐन भरात एखादी जोराची सर आली की फुलं फांदीवर कमी, जमिनीवर जास्त. पाच दिवस ऑफिस करून सहाव्या दिवशी निघणाऱ्याच्या वाट्याला बहुधा हा सडाच येतो. म्हणून वसंत रोजच्या वाटेवरच गाठायचा.

त्यासाठी एकच झाड निवड. घरापासून स्टॉपपर्यंतच्या रस्त्यावरचं, एखादी फांदी डोळ्यांच्या उंचीवर असलेलं. नाव माहीत नसलं तरी अडत नाही. त्या फांदीला सुती दोरा सैल बांध. घट्ट बांधलास तर फांदी जाड होताना साल काचते. हंगाम संपला की सोडून टाक. आठवड्यातून दोनदा, जाता-जाता दोन मिनिटं थांबून तीच फांदी बघ. थंडीत पानं गाळणारं झाड असेल तर फांदीच्या टोकाचा डोळा, म्हणजे न उमललेला कोंब, आधी तपकिरी खवल्यांत घट्ट मिटलेला दिसेल. मग तो फुगतो, खवले एकमेकांवरून सरकतात आणि मधून फिकट हिरवी रेघ डोकावते. पान बाहेर येतं ते चुणीदार, घडी घातलेलं. उलगडल्यावरही त्या घड्या काही दिवस मोडत नाहीत. खवले गळाले की सालीवर बारीक वळ्यांचा पट्टा उरतो. आता फांदीवर मागे सरकत तसाच जुना पट्टा शोध. या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे त्या फांदीची एका वर्षाची वाढ. तू या शहरात येण्याआधीचं वर्ष त्या झाडाला कसं गेलं, ते तिथे बोटाने मोजता येतं. मला यापेक्षा चांगली ओळख करून घेण्याची रीत ठाऊक नाही.

वहीत चार तारखा लिही: डोळा फुटला तो दिवस, पहिलं फूल, निम्मी फुलं उमलली तो दिवस, आणि पहिलं पूर्ण उलगडलेलं पान. काही झाडांवर पानाआधी फूल येतं, म्हणून क्रम उलटा दिसला तर गोंधळू नकोस. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी 1736 साली वसंताच्या अशाच खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ती नोंद 1958 पर्यंत चालवली. तुला एक हंगाम नीट टिपला तरी पुरे.

कामाच्या गडबडीत बहर हुकलाच, तर हळहळत बसू नकोस. शहरात वसंत एका दिवशी येत नाही. दाट वस्तीत भिंती आणि डांबर रात्रभर ऊब सोडतात, त्यामुळे तिथली झाडं आधी फुलतात. मोकळी मैदानं मागून, आणि रात्री थंड हवा साचते अशा खोलगट जागा बहुधा त्याहून उशिरा. डोंगर जवळ असेल तर आणखी सोपं. समशीतोष्ण प्रदेशात ढोबळमानाने दर 100 मीटर उंचीला वसंत तीनेक दिवस मागे पडतो. म्हणजे 300 मीटर वर चढलीस की हुकलेला आठवडा-दीड आठवडा परत हाती येतो. अंदाज चुकू शकतो, पण जायची दिशा चुकत नाही.

पक्षी ऐकायचे तर सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी खिडकी उघड. वारा पडलेला असतो, रहदारी सुरू झालेली नसते. रोज जमणार नाही, आठवड्यातून एकदा कर.

परागकणांकडे मात्र दुर्लक्ष नको. नव्या जागचे परागकण शरीराला अनोळखी असतात. अ‍ॅलर्जी पहिल्या वर्षी न होता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही उपटते. त्रास बहुधा डोळ्यांत भरणाऱ्या फुलांचा नसतो. त्यांचे पराग जड, चिकट, कीटकांनी वाहायचे. वाऱ्यावर उडतात ते गवताचे आणि बिनदिखाऊ तुऱ्यांच्या झाडांचे. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेव, कपडे घरातच वाळव, आणि झोपण्याआधी केस धू, नाहीतर पराग उशीवर येतात. शिंका आणि डोळ्यांची खाज दोन आठवड्यांवर गेली तर सर्दी समजून अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव. धाप लागली किंवा छातीत घरघर झाली तर तेवढंही थांबू नकोस.

उन्हाचंही तसंच. उत्तर गोलार्धात एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातला सूर्य ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याइतकाच उंच असतो. हवा गार असल्याने जाणवत नाही, पण त्वचा भाजते.

आणि एकटी जात राहू नकोस. ओळख नसलेल्या सहकाऱ्याला जेवायला बोलावणं अवघड वाटतं, "वीस मिनिटं चालून येऊ या का?" हे विचारणं सोपं. दुपारच्या सुट्टीतली ही वीस मिनिटं कॅलेंडरवर आत्ताच अडवून ठेव, नंतर तिथे मीटिंग येऊन बसते. बागेतल्या माळीकाकांना विचार, "यानंतर काय फुलणार?" ते जागा आणि साधारण आठवडाही सांगतील. तो आठवडा वहीत लिहून घे.

झाड ठरलं की कळव. फांदीचा फोटो पाठव, दोऱ्यासकट.

तुझी,
मावशी