वाचकांचे प्रश्न : आशाताईंचा कोविड भत्ता अडकला कुठे?

प्रश्न : मी आशा स्वयंसेविका आहे. कोविडमध्ये रोज घरोघर फिरून सर्वेक्षण केलं. खात्यात मधूनमधून पैसे आले, पण त्यांत कोविडचे किती, ते कळत नाही. विचारलं की ‘तुम्ही स्वयंसेविका, तुम्हाला पगार नसतो’ असं सांगतात. थकबाकी कशी शोधू?

उत्तर : ताई, पगार नसला तरी मंजूर झालेला मोबदला तुमच्या हक्काचाच आहे. ‘स्वयंसेविका’ या एका शब्दावर तुमच्याकडून दिवसदिवस काम करून घेतलं गेलं, हा अन्याय आहे.

केंद्र सरकारचा कोविड मोबदला जानेवारी 2020 पासून दरमहा 1,000 रुपये होता. आशाताईंच्या जून 2021 च्या संपानंतर राज्याने 1 जुलैपासून मोबदल्यात 1,000 रुपये वाढ आणि वेगळा 500 रुपये कोविड भत्ता मान्य केला. या तिन्ही रकमांचा हिशोब वेगवेगळा मांडा. पासबुकावरून तो लागणार नाही, कारण प्रसूती, लसीकरण, नवजात बाळाच्या भेटी असं सगळं बरेचदा एकाच रकमेत जमा होतं.

म्हणून तालुका आरोग्य अधिकारी कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. विषय एकच ठेवा आणि मजकूर 150 शब्दांच्या आत. ‘पैसे का दिले नाहीत?’ असं लिहू नका. कार्यालयाने कागदावर असलेलीच माहिती द्यायची असते, कारणं नाहीत. अशा प्रश्नावर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. ‘माझ्या नावे अदा केलेल्या मोबदल्याच्या, महिनानिहाय व लेखाशीर्षनिहाय देयकांच्या साक्षांकित प्रती’ मागा. (लेखाशीर्ष म्हणजे रक्कम ज्या नावाखाली खर्च दाखवली, ते शीर्षक.) 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. त्याला 20 रुपयांचा स्टॅम्प लागतो.

प्रती हाती आल्या की राहिलेले महिने लिहून त्याच कार्यालयात लेखी मागणी द्या, प्रत जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. शिक्का आणि आवक क्रमांक असलेली पोहोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

प्रश्न : पुढे अशी साथ आली तर आम्ही आधीच काय सांभाळावं?

उत्तर : लेखी आदेश. फोनवर किंवा व्हॉट्सअॅपवर काम सांगितलं, तर त्याच दिवशी ‘आपल्या सूचनेनुसार अमुक वस्तीत काम सुरू केले’ असं पत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या. कोविडमधल्या 50 लाखांच्या विम्यासाठी आशाताईच्या वारसांना तपासणी अहवाल आणि मृत्यूच्या कागदांसोबत, तिला कोविडच्या कामावर नेमलं होतं असा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला द्यावा लागे. तोंडी हुकमावर राबलेल्या बाईचं काम घरच्यांनी सिद्ध कशाने करायचं? त्या पत्राची एक पोहोच घरात, माहेरच्या किंवा सासरच्या कुणाला तरी ठाऊक असलेल्या जागी ठेवा.