सिंपल सेन्टेन्स ओळखताना शब्द मोजावेत की क्रियापदे?

लांबलचक वाक्यालाही ‘सिंपल सेन्टेन्स’ का म्हणतात आणि ‘अँड’ दिसले की वाक्य लगेच ‘कम्पाउंड’ (दोन स्वतंत्र वाक्ये जोडून झालेले संयुक्त वाक्य) होते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते सारा घोटाळा ‘सिंपल’ या शब्दामुळे होतो. येथे त्याचा अर्थ सोपे किंवा छोटे असा नसून, मराठी व्याकरणात ज्याला आपण केवल वाक्य म्हणतो, म्हणजे ज्यात एकच उद्देश्य आणि एकच विधेय असते, असा आहे.

‘आय नो ही लाइड’ हे अवघ्या चार शब्दांचे वाक्य सिंपल नाही, कारण त्यातील ‘नो’ आणि ‘लाइड’ ही दोन्ही क्रियापदे आपापला कर्ता व काळ घेऊन आली आहेत. उलट ‘टायर्ड आफ्टर द लाँग वॉक, द ओल्ड मॅन सॅट अंडर अ ट्री टू ईट हिज लंच’ हे सोळा शब्दांचे वाक्य सिंपलच आहे. काळ दाखवणारे क्रियापद त्यात ‘सॅट’ एवढेच आहे. ‘दमलेला म्हातारा जेवायला झाडाखाली बसला’ या मराठी वाक्यातही ‘दमलेला’ आणि ‘जेवायला’ ही धातुसाधितेच, म्हणजे धातूपासून बनलेले पण काळ न दाखवणारे शब्द, आहेत. वाक्य पेलते ते ‘बसला’.

असे क्रियापद सापडत नसेल, तर वाक्याचा काळ बदलून पाहावा. ‘शी वॉन्ट्स टू गो’ हे भूतकाळात नेले की ‘वॉन्ट्स’चे ‘वॉन्टेड’ होते, ‘टू गो’ मात्र तसेच राहते. ‘हॅज बीन रीडिंग’सारखा सहायक क्रियापदांसह आलेला गट एकच धरावा.

‘अँड’बाबत, त्याने काय जोडले आहे हे पाहणे महत्त्वाचे. ‘माय ब्रदर अँड आय वेंट होम’ यात दोन नावे जोडून एकच उद्देश्य झाले आहे, म्हणून ते सिंपल. ‘शी ओपन्ड द डोअर अँड वेंट आउट’ यावर मात्र व्याकरणकारांचे एकमत नाही: कर्ता एकच असल्याने काही जण ते सिंपल मानतात, तर काही कम्पाउंड. परीक्षेसाठी आपल्या पाठ्यपुस्तकाची पद्धत पाळलेली बरी.

‘बिकॉज’ दिसताच वाक्य ‘कॉम्प्लेक्स’ (मुख्य वाक्य आणि त्यावर अवलंबून असलेले गौण वाक्य मिळून झालेले मिश्र वाक्य) ठरवण्याची सवयही अशीच फसवी आहे. ‘बिकॉज इट रेन्ड, वुई स्टेड होम’ हे कॉम्प्लेक्स खरे, पण ‘बिकॉज ऑफ द रेन, वुई स्टेड होम’ हे सिंपल, कारण ‘रेन’ येथे नाम झाले आहे.