स्टॉकहोमला निघण्याआधी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

स्वीडनमधल्या कुर्द लोकांवरच्या तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. पहिलंच प्रकरण नाटोवर आहे, ते मागे ने. २०२२ साली स्वीडनने नाटोकडे अर्ज केला, कुर्द बंडखोरांना स्वीडन आसरा देतो असं म्हणत तुर्कस्तानने आडकाठी घातली आणि स्वीडनमधले कुर्द जगभरच्या बातम्यांत आले. पण तिथून सुरुवात केलीस, तर ही माणसं दुसऱ्यांच्या भांडणातली प्यादी म्हणूनच उरतील.

शाळेपासून सुरुवात कर. १९७७ पासून स्वीडिश शाळांत स्थलांतरितांच्या मुलांना मातृभाषेचे तास मिळू लागले. इकडे तुर्कस्तानात १९८० साली लष्कराने सत्ता घेतली, १९८३ च्या कायद्याने कुर्दी छापणं बेकायदा ठरलं आणि तो कायदा १९९१ पर्यंत टिकला. त्या वर्षांत देश सोडलेले अनेक शिक्षक, पत्रकार, कवी स्टॉकहोमला पोचले. मुलांना शिकवायचं तर पुस्तकं हवीत, पुस्तकांसाठी लिहिणारे हवेत, लेखनाचे नियम हवेत. स्वीडिश सरकारने अनुदान दिलं, कष्ट या लोकांनी उपसले. कुर्द लेखक मेहमेद उझुन तुर्कस्तानात तुरुंगवास भोगून १९७७ साली स्वीडनला आले आणि १९८५ मध्ये त्यांची कुर्मांजी या कुर्दी बोलीतली पहिली कादंबरी निघाली. मायदेशी बंदी असलेली भाषा इतक्या दूर, थंडीच्या मुलखात कादंबरीची भाषा झाली! प्रबंधाचा गाभा हाच ठेव, असं माझं ठाम मत आहे. १९९७ मध्ये स्टॉकहोमला कुर्दी ग्रंथालय सुरू झालं, तिथे भरपूर वेळ काढ.

लोकसंख्येचा नेमका आकडा शोधत बसू नकोस. स्वीडन जन्मदेशाची नोंद करतो, वंशाची नाही. त्यामुळे कुर्द माणूस तुर्कस्तान, इराक, इराण, सीरिया अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरलेला सापडेल. आणि ‘कुर्द समाज’ असं सरसकट लिहू नकोस. साठच्या दशकात तुर्कस्तानातल्या कोन्याकडून कामासाठी आलेला मजूर आणि सद्दामच्या कुर्दांविरुद्धच्या अनफाल या संहारक मोहिमेनंतर इराकमधून आलेलं कुटुंब यांच्या आठवणी वेगळ्या आहेत. एकाची कुर्मांजी रोमन लिपीत, दुसऱ्याची सोरानी ही कुर्दी बोली बहुधा अरबी लिपीत.

फादिमे शाहिंदाल या कुर्द तरुणीचं प्रकरण टाळू नकोस. नोव्हेंबर २००१ मध्ये ती स्वीडिश संसदेत बोलली आणि जानेवारी २००२ मध्ये वडिलांनीच उप्सालात तिचा गोळी घालून खून केला. तिचं ते भाषण आधी पूर्ण वाच. स्वीडिश समाजाने माझ्या आईवडिलांना वेळीच हात दिला असता तर माझ्या प्रेमसंबंधावरून घरच्यांनी केलेला छळ टळला असता, असं ती सांगत होती. तिचा राग घरावर होता, तसा स्वीडनवरही होता. कुर्दांना झोडपायला तिचं नाव वापरणारे पुष्कळ आहेत, त्यांच्या रांगेत तू बसू नकोस.

वयस्कर मंडळी पहिल्या भेटीत मोकळी होणार नाहीत. १९८६ मध्ये पंतप्रधान पाल्मे यांची हत्या झाली तेव्हा पोलिसांनी तुर्कस्तानशी सशस्त्र लढणाऱ्या पीकेके या कुर्द संघटनेवर संशय घेतला. हाती काही लागलं नाही, पण त्याची झळ साध्या कुर्दांनाही बसली. म्हणून ध्वनिमुद्रण लगेच सुरू करू नकोस. चहा घे, त्यांनी तुला प्रश्न विचारले तर उत्तरं दे.

कुर्मांजीची निदान तोंडओळख इथेच करून घे. प्रश्नावली तयार झाली की मला पाठव.

तुझा,
सर